अर्ध्या फोटोतला मुलगा

उचगाव,
तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार

ती. मारुतीराव दाजी,

नागेंद्रचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द खरा धरा. दसऱ्यापासून मी टेबलाखाली वायरी बघत वाकलेलोच आहे, त्यामुळं तुमच्या नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही.) तुमचा गुडघा, आक्काची शुगर आणि परसातली ती फळ न धरणारी पपई, सगळं जिथल्या तिथं असावं अशी आशा करतो. आमच्याकडं सगळे बरे आहेत. मालुआत्याला दिसायचं कमी झालंय, बोलायचं कमी झालेलं नाही. जयाबाईची तब्येत उत्तम, स्वभाव मागील पानावरून पुढे. दिपाली मच्छे गावच्या कारखान्यात हिशेब बघते आणि संध्याकाळी घरी आली, की आम्हा तिघांकडं असं बघते जणू तिच्या माघारी आम्ही काहीतरी करून बसलोय. बहुतेक वेळा आम्ही बसलेलो असतो. मी स्वतः थकलोय. दूध सोसायटीत सेक्रेटरी होतो तेव्हा चारशे सभासद एकदम ओरडायचे, तेव्हासुद्धा एवढा थकलो नव्हतो.

आता मूळ विषय, म्हणजे तुम्ही दिलेला कॉम्प्युटर. दाजी, तुमच्या मोठ्या मनाबद्दल मला कधी शंका नव्हती, आजही नाही. तुमच्या विक्रमनं तुम्हाला बंगळूरहून नवा घेऊन दिला तेव्हा जुना तुम्ही भंगारात घालू शकला असता, तो तुम्ही मेहुण्याला दिलात. (भंगारवाल्यानं बघून काय म्हटलं होतं ते मला आक्काकडून कळलंय, पण तो विषय मी काढणार नाही.) गाडीत ठेवताना तुम्ही म्हणाला होता, हा घरच्या माणसासारखा आहे. अगदी खरं निघालं. सकाळी उठायला वेळ लावतो, उठल्यावर कशासाठी उठलो ते विसरतो आणि दोन कामं एकदम सांगितली की एकही करत नाही. पत्ते खेळायला दिले तर दिवसभर खेळेल. पण इंटरनेटवर गेला, की थोड्याच वेळात त्याचा दगड होतो. बाण हलत नाही, पान सरकत नाही, बंद करायची फुली दाबली तर तीही दाद देत नाही. पंखा तेवढा आत घोंघावत असतो, म्हणजे जीव आहे एवढं कळतं.

तुम्ही म्हणाल, नागूचं या वयात इंटरनेटवर काय अडलंय. अडलंय ते दिपालीचं लग्न. पोरीला तिसावं संपलं. आतापर्यंत किती जण येऊन पोहे खाऊन गेले ते तुम्हाला ठाऊक आहे, निम्म्यांना तर तुम्हीच घेऊन आला होता. शेवटचे ते चंदगडकडचे पाहुणे. त्यांनी तिच्यादेखत विचारलं, की लग्नानंतर पगार कुठल्या घरात येणार. दिपालीनं पोह्याच्या बशा उचलायला सुरुवात केली. पाहुण्यांचं अजून खाऊन व्हायचं होतं. ते गेल्यावर तिनं सांगून टाकलं, की यापुढं आपल्या दारात तिला बघायला कुणी येणार नाही. (मला मनातून बरंच वाटलं, पण जयाबाईसमोर मी तोंड पाडून बसलो.) मग बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर एक तोड निघाली. लग्नं जुळवणाऱ्या साईटवर मी नाव घालायचं, मी बघायचं, बरं वाटलं तर तिला दाखवायचं आणि तिला बरं वाटलं तरच पुढं. तिच्या फोनवर यातलं काही येता कामा नये. म्हणून कॉम्प्युटर. दाजी, मी थट्टेनं लिहितोय, पण आत धाकधूक आहे. ती एकटी राहिली तर राहील, पोरगी खंबीर आहे, त्याची मला भीती नाही. पण आपल्याला माणूस म्हणून कुणी विचारलंच नाही असं तिच्या मनानं घेतलंय, ते मला तिच्या जेवण्यावरून कळतं. हल्ली ती ताटात जे पडेल ते खाते. पूर्वी मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायची.

तर साईट. ती सुरुवातीला आमच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागली, मग इंग्रजीत, मराठीवर आणायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. राज्य कुठलं? कर्नाटक. मातृभाषा? मराठी. एवढं सांगितल्यावर तीही विचारात पडली. कोल्हापूरकडची मुलं दाखवावीत तर त्यांना मुलगी महाराष्ट्रातली पाहिजे, धारवाडकडची दाखवावीत तर घरात कन्नड बोलणारी पाहिजे. आपण दोन्हीकडून काठावरचे. (हे आपल्याला नवीन नाही, पण पोरीच्या लग्नात तरी आडवं येऊ नये असं वाटतं.) गाळून गाळून ओंजळभर स्थळं उरली. त्यातलं पहिलं उघडलं. वर नाव आलं, समर्थ. गाव निपाणी, वय चौतीस, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं स्वतःचं दुकान. त्याखाली फोटो हळूहळू उतरायला लागला. केस आले, कपाळ आलं, डोळे आले, बारीक हसणं आलं, चौकड्याचा शर्ट आला, आणि छातीपर्यंत येऊन कॉम्प्युटर थांबला. खाली सगळा राखी रंग. त्या दिवशी तासभर वाट बघून मी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी चालू केलं तर साईटनं मोठ्या प्रेमानं आम्हाला जिथं सोडलं होतं तिथंच आणून उभं केलं. पुन्हा समर्थ, पुन्हा छातीपर्यंत, पुन्हा दगड.

दाजी, सांगायला हसू येतं, पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत हा मुलगा रोज संध्याकाळी आमच्या घरात असायचा. दुसरं काही दिसतच नव्हतं, मग माणूस करणार काय? आम्ही त्याच्याकडं बघायचो, तो आमच्याकडं बघायचा. जयाबाई भाजी निवडत बसायची आणि तिला त्याचे डोळे शांत वाटायला लागले. मला त्याचा एक खांदा उतरलेला दिसला. मी म्हटलं, जड सामान उचलून असं होतं. जयाबाई म्हणाली, फोटोवाल्यानंच वाकडा काढला असेल. यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. मालुआत्याला तर मोतीबिंदूमुळं धड काही दिसत नाही. तिनं आपला समज करून घेतला, की कुणीतरी पाहुणा समोर येऊन बसतो. "कवाधरनं बसलंय बिचारं, तोंडातनं शब्द न्हाय. च्या तरी द्या की गं त्येला," असं ती जयाबाईला म्हणायची. आम्ही समजावलं, की तो फोटो आहे. तर म्हणाली, "फोटू असू दे न्हाईतर कायबी, घरात आलेल्याला इचारावं." एकदा दिवाबत्तीच्या वेळी जयाबाई म्हणून गेली, की समर्थच्या मागचा जरा तो बल्ब लावा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागचा. आम्ही दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिपाली कामावरून आली, की दारातूनच विचारायची, "आप्पा, गेला का न्हाय त्यो अजून?" विचारताना थोडी हसायची. बऱ्याच दिवसांनी हसली होती म्हणून मी कॉम्प्युटरवर फार चिडत नव्हतो.

पण काम तर पुढं सरकायला पाहिजे. मी उपाय करायला लागलो. विक्रमला फोन केला. पोरगं गुणी आहे, रागावत नाही, पण त्याचं सांगणं असं, की चुलीवरून भाकरी काढायची म्हटलं तरी आधी चूल विझवून पुन्हा पेटवा. बंद करून चालू केला. मग म्हणाला, जुनी साठवण पुसून टाका. पुसली, तर सगळे पासवर्डही पुसले गेले आणि साईट मला ओळखेनाशी झाली. (तिला पुन्हा ओळख पटवायला दिपालीची जन्मतारीख विचारली. मी पटकन सांगितली, ती चुकीची होती. जयाबाईनं दुरुस्त केली आणि त्यावर वेगळं ऐकवलं.) नेटवाला येऊन खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, वायर ठणठणीत आहे, मशीन म्हातारं झालंय. शेजारच्यानं सांगितलं, व्हायरस असेल. आणखी कुणी म्हणालं, टेबलाचं तोंड दक्षिणेकडं आहे. टेबल फिरवलं. नंतर जयाबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या ठसक्यानं घरातली सगळी माणसं खोकून बेजार झाली. कॉम्प्युटरवर काही परिणाम नाही.

शेवटी मी तो पोत्यात गुंडाळून बेळगावला आण्णाप्पाच्या दुकानात नेला. हा कन्नड माणूस, तुटकं मराठी बोलतो आणि गिऱ्हाइकाला बोलायची संधी देत नाही. त्यानं डब्याचं पत्र्याचं झाकण काढलं आणि मान खाली घालून बराच वेळ आत बघत राहिला. मग एका कागदावर त्यानं डबा उलटा केला. अक्षता पडल्या. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या पडल्या. हळद-कुंकवाची ढेकळं पडली आणि विभूतीचा चुरा. "इदु कंप्युटरो, गुडियो?" हा कॉम्प्युटर आहे की देऊळ, असं तो मला विचारत होता. दाजी, काय सांगू त्याला? आपल्यात खंडेनवमीला अवजारं पुजतात. पूर्वी नांगर, विळा, कुऱ्हाड एवढ्यावर भागायचं. आता मोटर, मोटरसायकल, मिक्सर आणि तुमचा कॉम्प्युटर. जयाबाईचं म्हणणं, की ज्यावर पोरीचं लग्न जमायचं आहे त्याचीच पूजा कमी कशी करायची? म्हणून नांगराला चिमूटभर अक्षता आणि कॉम्प्युटरला मूठभर. वर जाळी होती, सगळ्या आत गेल्या. आण्णाप्पानं झाडून पुसून साफ केला, पंखा फिरता केला आणि तिथंच इंटरनेट लावून दाखवलं. धावायला लागला. मी हात जोडले आणि समर्थला बाय बाय करायची मनाची तयारी करत घरी आलो.

घरी आणला, लावला आणि पुन्हा छातीपर्यंत. आता मात्र मी हात टेकले. दुकानात चालतो, घरात चालत नाही. जयाबाई म्हणाली, बाहेर गुणी आणि घरात असा, हे लक्षण तिच्या चांगल्या ओळखीचं आहे. मी वर बघितलं नाही.

त्याचं खरं कारण डोळ्यांसमोर होतं, पण आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. तुम्हाला आठवत असेल, आक्कानं जयाबाईला वास्तुशांतीला गर्द जांभळा खण दिला होता. खंडेनवमीच्या पूजेनंतर जयाबाईनं त्याचा चोळीला उपयोग न करता कॉम्प्युटरच्या डब्याला झगा शिवला. मापात, चारी बाजूंनी घट्ट, खाली नाडी. धूळ बसू नये म्हणून आणि घरात कुठलीही वस्तू उघडी ठेवायची नाही म्हणून. पडद्याचं कापड आम्ही बघायला बसताना काढायचो, पण डब्याकडं कोण बघतंय? तो आपला झगा घालूनच काम करायचा. मी त्याला दुकानात नेताना झगा काढला, आणताच जयाबाईनं परत घातला. आत धग कोंडायची, आणि फोटो जरा मोठा आला, की त्याला भोवळ यायची. आमच्या मांजरीला हे आमच्याआधी कळलं होतं. थंडी पडल्यापासून ती रोज संध्याकाळी त्या डब्यावर जाऊन झोपायची आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, हिलापण समर्थ आवडला.

आणि दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी त्या मांजरीनं खणाच्या झग्यावर नको ते केलं. त्या वेळी कॉम्प्युटर नेहमीप्रमाणं थांबला होता आणि मी नेहमीप्रमाणं त्या राखी रंगावर टिचक्या मारत होतो. (टिचक्या मारून काही होत नाही हे मला कळत होतं. पण दार उघडत नसलं, की माणूस कडी वाजवत राहतो, त्यातली गत.) जयाबाईनं नाक मुरडून नाडी सोडली, झगा ओरबाडून काढला आणि मोरीत नेऊन भिजत घातला. आणि दाजी, थोड्या वेळानं डब्यानं सुस्कारा टाकावा तसा आवाज केला आणि फोटो खाली सरकायला लागला. शर्टाची बटणं आली. पट्टा आला. तो उतरलेला खांदा का उतरला होता ते आलं. त्याच्या हाताचं बोट धरून एक लहान मुलगी उभी होती. दोन वेण्या, एक वर एक खाली, स्पष्ट दिसत होतं की बापानं घातल्यात. खाली लिहिलं होतं, पत्नीचं तीन वर्षांपूर्वी निधन, एक मुलगी, वय चार.

हे स्थळ आमच्या वाट्याला कसं आलं म्हणाल, तर नाव घालताना कॉम्प्युटर अडकला होता तेव्हाही मी अशाच टिचक्या मारल्या होत्या, आणि "विधुर चालेल का" या चौकटीत एक बसली होती. ते एक वेळ राहू द्या. त्या संध्याकाळी मी राखी रंगावर ज्या टिचक्या मारल्या त्या वाया गेल्या नव्हत्या, आत साठून राहिल्या होत्या. कॉम्प्युटर शुद्धीवर आला आणि त्यानं त्या सगळ्या एकदम पाळल्या. त्या राखी रंगाखाली एक बटण होतं. पडद्यावर अक्षरं आली, की दिपालीकडून समर्थ यांना पसंती कळवली आहे. मी ती परत घ्यायला गेलो, तोवर गेलीसुद्धा. दसऱ्यापासून त्यानं माझं एक काम ऐकलं नव्हतं आणि जे ऐकलं ते हे.

मग घरात जे झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही जयाबाईला ओळखता. "बिजवराला? माझी पोरगी? पुन्यांदा नाव काढायचं न्हाय ह्या घरात." जी त्याच्या डोळ्यांना शांत म्हणत होती तीच ही. मला तिचाही राग येत नाही. स्वतःच्या लेकीला दुसरेपणावर द्यायची म्हटलं, की कुठलीही आई तोंड सोडणारच. मालुआत्या तेवढी म्हणाली, "बायकू मेली त्यात त्येचा काय गुन्हा? एवढं दीस बसलं हुतं, येका शबदानं कुणाला दुखावलं न्हाय." तिला कोण समजावणार? दिपाली कामावरून आली, तिनं पूर्ण फोटो बघितला आणि हातपाय धुवायला गेली. पुढच्या दिवशी उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं, तेही माझं चुकलंच. लिहिलं होतं, "तुमची पसंती आली, आभार. माझी मुलगी आहे हे वाचलंय ना? बरेच जण वाचत नाहीत आणि मग तिच्यासमोर बोलणं होतं, ते मला नको आहे. वाचलं नसेल तर काही हरकत नाही, राग नाही." जयाबाई म्हणाली, लावा बंद ते. मी बंद केलं. दिपाली जेवायला बसली, भाजी तोंडात घातली आणि म्हणाली, "आई, मीठ न्हाय हेच्यात." जयाबाईनं मीठ वाढलं. मी ताटात बघत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं असतं.

तर असा हा सगळा प्रकार. कॉम्प्युटर आता झग्याशिवाय व्यवस्थित चालतो. जयाबाईचा त्याच्यावरचा जीव उडालाय, म्हणून तो उघडाच असतो. तिनं मला तो तुम्हाला परत पाठवायला सांगितलं आहे, म्हणून हे पत्र. तुमच्याकडं जागा असल्यास कळवावं. आक्काला नमस्कार, विक्रमला आशीर्वाद आणि त्याला सांगा, की यापुढं त्रास देणार नाही.

तुमचा थकलेला मेहुणा,
नागेंद्र

ता. क. कॉम्प्युटर परत घेऊ नका. जागा नाही म्हणून कळवा. रात्री सगळे झोपले, की दिपाली तो लावून बसते. जयाबाईला पत्र दाखवावं लागेल, म्हणून वर तसं लिहिलंय. ता. क. चा हा कागद मी वेगळा घातलाय, तो वाचून झाल्यावर फाडून टाका.

ता. क. दुसरा. मी तुम्हाला सांगणार होतो, की त्या समर्थचं दुकान तुमच्या निपाणीतलंच आहे, तर जाता जाता चौकशी करा, वागणूक कशी आहे, पितो का, घरात कोण कोण आहे. आता करू नका. तुम्ही चौकशी करायला निघालात, की अर्धं निपाणी तुमच्या मागं येतं आणि उरलेल्या अर्ध्याला आक्का सांगते. शिवाय गरज उरली नाही, असं मला वाटतं.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. गेल्या रविवारी सकाळी दिपाली "निपाणीला आत्याकडं जाऊन येते" म्हणून गाडीला गेली. दुपारी तुमचा फोन आला, तेव्हा मी शेतात एकटाच होतो म्हणून वाचलो, आणि तुम्ही विचारलंत, दिपाली कशी हाय, लई दिसात इकडं फिरकली न्हाय. मी बरी हाय म्हणालो आणि फोन ठेवला. संध्याकाळी ती आली. दाजी, पोरगी दारातून गुणगुणत आत आली. तिला मी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पण तिच्या पिवळ्या ओढणीच्या टोकाला चॉकलेटचे डाग होते, चार बोटं आणि अंगठा, एवढुसे. कुणीतरी ती ओढणी घट्ट धरून बराच वेळ चाललं असणार. जयाबाईच्या हाती लागायच्या आत मी ती बादलीत घातली आणि साबण लावत बसलो. आयुष्यात मी स्वतःचा रुमाल धुतलेला नाही, त्यामुळं जयाबाई मोरीच्या दारात येऊन उभीच राहिली. मी सांगून टाकलं, की दिपालीनं आक्काकडं भरलं वांगं खाल्लं आणि रस्सा सांडला. फोनवर हे तुम्हाला सांगता येत नाही, मला मोठ्या आवाजाशिवाय ऐकू येत नाही आणि दोन्हीकडं गल्लीभर जातं. म्हणून एवढं लांबण लावून पत्र लिहिलं. आता दर शनिवारी जयाबाईचा आक्काला फोन होतो. तर आक्काला नीट पढवून ठेवा. रविवारी दिपाली तुमच्याकडं आली होती. दुपारभर होती. जेवायला भरलं वांगं होतं, आणि मीठ अगदी बरोबर होतं.